खातं मिटवायला गेले तेव्हा

अमरावतीला जवाहर गेटच्या आत कापडाचं एक दुकान होतं. तिथं उधारीवर साडी घ्यायला पाच मिनिटं लागत. उधारी फेडायला गेलं की अख्खी दुपार जाई आणि फिटत मात्र काहीच नसे. यावरून दुकानाचे शेठजी लबाड होते असं कोणी समजू नये. त्यांच्याइतका अदबीनं वागणारा दुकानदार मी नंतरच्या आयुष्यातही पाहिला नाही. माझी अडचण नेमकी तीच होती.

वडील अचलपूरला शाळेत मास्तर. मी कॉलेजसाठी अमरावतीला आले आणि मुलींच्या वसतिगृहात राहू लागले. पहिल्याच आठवड्यात वरच्या वर्गातल्या दोघी मला त्या दुकानात घेऊन गेल्या. मच्छरदाणी हवी होती आणि पैसे वडिलांची मनीऑर्डर आल्यावर मिळणार होते. गादीवर बसलेल्या शेठजींनी माझं नाव विचारलंच नाही.

"गाव कोनतं, बाई?"

"अचलपूर."

"वडील काय करतात?"

"मास्तर आहेत."

"मास्तरांची पोरगी! मुनीमजी, खातं टाका."

झालं. पुढची चार वर्षं मी त्या हिशेबाच्या चोपडीत 'अचलपूर मास्तर यांची मुलगी' या नावानं नांदले. वडिलांची मास्तरकी हेच तारण, आणि त्या तारणावर चादर मिळाली, शाळेतली पातळं विरल्यावर नेसायला पाचवारी साड्या मिळाल्या, थंडीत लोकरीची शाल मिळाली, मैत्रिणीच्या लग्नात द्यायला खण मिळाले. सगळी खरेदी गरजेची होती असं मी म्हणणार नाही. गॅदरिंगसाठी घेतलेली आकाशी जॉर्जेट निव्वळ हौसेची होती. ती मला फार छान दिसायची आणि तिच्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

त्या उधारीला व्याज नव्हतं. व्याज असतं तर मी घाबरून लवकर जागी झाले असते. मधेच आणे जाऊन नवे पैसे आले, तेव्हा हिशेब बदलताना मुनीमजींनी वरचे काही पैसे माझ्या बाजूनं सोडूनसुद्धा दिले. अशा सज्जन दुकानाची भीती वाटणार कशी? बी.ए. झाले तेव्हा माझ्याकडे दोनशेच्या वर रुपये निघत होते.

नोकरी अकोल्याला लागली, मुलींच्या शाळेत. पगार नव्वद रुपये. जुन्या शहरात एक खोली मिळाली. ती मी शाळेतल्या शिवणाच्या बाईंबरोबर वाटून घेतली. त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, विधवा, आणि बोलायला अशा रोखठोक की मुख्याध्यापिकासुद्धा त्यांच्याशी जपून बोलत. पहिला पगार हातात आला त्या संध्याकाळी मी यादी केली. मी यादी करणारी बाई आहे. बाजारात निघताना, परगावी जाताना, पाहुणे येणार असताना माझी यादी तयार असते. त्या यादीत भाडं, किराणा, घरी पाठवायचे पैसे असं लिहून झाल्यावर खाली लिहिलं: दुकान, पंधरा रुपये, दर महिन्याला. दीड वर्षाच्या आत खातं साफ. कागदावर तरी ते अगदी सोपं दिसत होतं.

रविवारी सकाळची गाडी धरून बडनेऱ्याला उतरले, तिथून अमरावतीची शटल घेतली आणि दहाच्या सुमाराला दुकानात हजर झाले.

"या, या! अकोलेवाल्या बाई आल्या! पानी आना रे. बसा जी."

"बसत नाही, शेठजी. पंधरा रुपये जमा करायचे आहेत."

"पैसे करू की जमा. तुमी बसा तं खरं. नोकरी लागली म्हनते तुमाले?"

"हो."

"आन हेच पातळ नेसून शाळेत जाता? पोरी काय म्हनतीन? आमच्या दुकानाची इज्जत आहे का नाही?"

चहा आला. चहा घ्यायचा म्हणजे गादीवर बसायचं. गादीवर बसलं की गठ्ठे सुटायचे. माणूस नको नको म्हणत असताना शेठजी पातळाची घडी मोडून पदर सरळ मांडीवर टाकायचे. पैसे देऊन बाईमाणूस रिकाम्या हातानं दुकानाची पायरी उतरली तर दुकानाला बरं नसतं, असा त्या बाजारात पक्का समज होता. माझ्यासमोर घडी मोडलेलं पातळ, हातात त्यांचा चहा, समोर वडिलांच्या वयाचा माणूस. मी दोन पोलक्यांचं कापड आणि एक साधं पातळ घेऊन बाहेर पडले. मुनीमजींनी चोपडीत पंधरा रुपये जमा लिहिले आणि एकोणीस रुपये नावे. म्हणजे मी देणं फेडायला जाऊन चार रुपयांनी वाढवून आले होते, गाडीभाडं वेगळं.

पुढच्या महिन्यात टॉवेल. त्याच्या पुढच्या महिन्यात दिवाळी तोंडावर आली होती, त्याबद्दल न बोललेलं बरं. वर्ष झालं तरी आकडा जागचा हलला नव्हता.

वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं. संक्रांतीच्या सुमाराला ते परीक्षेच्या कामासाठी अमरावतीला आले आणि धोतरजोडी घ्यायला नेमके त्याच दुकानात शिरले. शेठजींनी गाव विचारलं, व्यवसाय विचारला आणि आनंदानं उभेच राहिले. बाबांनी पैसे पुढं केले तर त्यांनी हात जोडले. "मास्तर, रोख कशाले? आपलं खातं आहे की. घरचंच समजा!" धोतरजोडी माझ्या नावे पडली.

बाबा तिथून अचलपूरला न जाता थेट अकोल्याला माझ्या खोलीवर आले. काखेत दुकानाच्या कागदात बांधलेली ती धोतरजोडी होती. तिचा दोरासुद्धा सोडलेला नव्हता. शिवणाच्या बाई समजूतदारपणे पाणी भरायला निघून गेल्या.

"माझ्या पोरीच्या उधारीवर मी धोतर नेसायचं का?" बाबांनी विचारलं.

मी चटई टाकली; ते बसले नाहीत, उभ्यानंच पुढं बोलले.

"धाकटी यंदा मॅट्रिकला बसते आहे. तिची कॉलेजची फी तू भरणार, असं तूच म्हणाली होतीस. मी पुढच्या वर्षी निवृत्त होणार. माझ्यात आता ती ताकद नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझा पगार त्या दुकानात चालला, तर तिची फी येणार कुठून?"

"मी दोन्ही करीन."

"एक आधी कर. कॉलेजं सुरू व्हायच्या आत ते खातं साफ झालं तर तिचं नाव घालू. नाही तर तिनं घरी बसावं. दोन स्थळं सांगून आलेली आहेत, ती बघू. आणि साफ म्हणजे साफ. एक पैसा बाकी नको."

धाकटी बहीण माझ्याहून हुशार होती. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, बाबांनाही. म्हणूनच त्यांनी ही अट तिच्यावर न घालता माझ्यावर घातली, असं मला आता वाटतं. तेव्हा एवढंच कळलं की हातात सहा महिनेसुद्धा नाहीत.

त्याच दिवशी नवी यादी झाली. दुपारचा चहा बंद. नाटक-सिनेमा बंद. दोन मुलींच्या इंग्रजीच्या शिकवण्या धरल्या आणि ते पैसे वेगळ्या डब्यात टाकायचे ठरवले. तो डबा धाकटीच्या फीचा. पगारातून वाचेल ते दुकानाचं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दुकानात पाय ठेवायचा नाही. पैसे मनीऑर्डरनं पाठवायचे. पोस्टात काही कोणी बसा म्हणत नाही.

आठवड्याभरात पोस्टमन मनीऑर्डर परत घेऊन आला. घेणाऱ्यानं नाकारली होती.

शिवणाच्या बाईंना हसू आवरेना. "पैसे माहेरपनाले आले वाटते! ठेवून घ्या दोन दिवस, मंग पाठवा परत सासरी."

"यात हसण्यासारखं काय आहे? घेतले का नाहीत त्यांनी?"

"मले काय माहीत? मी जाऊन राहिली ना अमरावतीले, चुलतबहिनीच्या लग्नाले. द्या माझ्यापाशी, मी नेऊन देते. आन मी काही तुमच्यावानी भिडस्त नाही. पैसे देतो आन उठतो."

मी त्यांना तीस रुपये दिले. त्यांच्या जिभेवर माझा विश्वास होता. चार दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा त्यांच्याही काखेत त्याच दुकानाच्या कागदातलं पुडकं होतं.

"बाई, हे काय?"

"पातळ." त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "आता मानूस एवढ्या प्रेमानं दाखवते तं काय करता? मी रोख देऊन राहिली होती जी, पन तो ऐकतच नाही. तुमचे तीस तं जमा केले त्यानं, पन माझ्या पातळाचे घेईना. म्हने, तुमच्या मैत्रिनीचं खातं आहे की, घरचंच समजा!"

"माझ्या नावावर?"

"आता कोनाच्या? घ्या हे पैसे, मी काही बुडवत नाही तुमचे." त्यांनी पातळाची किंमत लगेच माझ्या हातावर मोजली. "पन एक सांगतो, तुमची मनीऑर्डर पाहून तो मानूस लई नाराज झाला. म्हने, मनीऑर्डर वकिलाची नोटीस आल्यावर पाठवतात. मी कधी मांगले का पैसे? पाच सालाचं गिऱ्हाईक, आन पोस्टातून पैसे फेकते!"

आधी बाबा, मग शिवणाच्या बाई. माझं खातं आता सगळ्या वऱ्हाडाला मोकळं झालं होतं. तिथं थोडेथोडे पैसे घेऊन जाणं म्हणजे दर खेपेला नव्या खरेदीला आमंत्रण, हे मला त्या दिवशी नीट उमगलं. मी ठरवलं की आता मधे काही द्यायचं नाही. सगळी रक्कम दुसऱ्या डब्यात जमवायची, एकदाच जायचं आणि उभ्या उभ्या मिटवून यायचं.

उन्हाळा तसाच काढला. अकोल्याचं ऊन ज्यांनी सोसलं आहे त्यांना सांगायला नको. सुट्टीत मी अचलपूरला गेले नाही. शिकवण्या चालू ठेवल्या आणि आणखी एक धरली. मोर्णा नदीच्या पुलावरून रोज दोनदा पायी ये-जा. शिवणाच्या बाई मधून मधून डब्यात डोकावून विचारायच्या, "काय जी, लग्नाएवढे झाले का?" निकाल लागला. धाकटी पहिल्या वर्गात पास झाली. ती बातमी घेऊन ती स्वतःच अकोल्याला आली आणि दारातच म्हणाली, "ताई, बाबा काही बोलत नाहीत. तुझी वाट बघतात."

त्या दिवशी दोन्ही डबे उघडले. फीचा पुरेसा होता. दुकानाचाही पुरत होता, वर पाच-सहा रुपये राहत होते.

प्रश्न राहिला चहाचा. चहा घेतला की गादी, गादीवर बसलं की गठ्ठे, हे मला पुरतं ठाऊक झालं होतं. मी पंचांग काढलं आणि दिवस नक्की केला: निर्जळी एकादशी. त्या दिवशी पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो, आणि उपास धरणाऱ्या माणसाला कोणताही दुकानदार आग्रह करू शकत नाही. मी ती एकादशी त्याआधी कधी केली नव्हती. त्या वर्षी केली, धाकटीनंही केली, आणि आम्ही दोघी कोरड्या तोंडानं अमरावतीला पोचलो.

"या, या! बसा जी! पानी—"

"आज निर्जळी, शेठजी."

"अरे हाव! आज तं एकादशी." त्यांचा हात हवेतच थांबला. "मंग सुपारी तरी?"

"तीही नाही."

चहा नाही, पाणी नाही, सुपारी नाही. शेठजींना सुरुवात कुठून करावी हेच कळेना. तरी त्यांनी मागच्या फळीवरचा एक गठ्ठा ओढलाच. "पाह्याले काय उपास असते? या धाकट्या बाईले नवा माल दाखवतो."

"नको," धाकटी म्हणाली. ती दाराकडे तोंड करून उभी राहिली होती. आत बघायचंच नाही, असं आम्ही गाडीत ठरवलं होतं.

मी पैसे गादीवर ठेवले. मुनीमजींनी चोपडी उघडली, बेरीज वाचली. बाबांचं धोतर, शिवणाच्या बाईंचं पातळ, सगळं त्यात होतं. शेठजींनी नोटा मोजल्या आणि मोजून झाल्यावर त्यातला एक रुपया माझ्याकडे परत सरकवला.

"हा राहू द्या."

"का?"

"खातं जित्तं राह्यलं पाह्यजे, बाई. साफ खातं म्हनजे भांडून गेलेलं गिऱ्हाईक. बाजारात लोक मले विचारतीन, मास्तरांच्या पोरीनं दुकान कावून सोडलं?"

"मी सांगीन लोकांना की भांडण नाही."

"लोक तुमाले नाही विचारत, मले विचारतात."

"शेठजी, वडिलांनी सांगितलंय, एक पैसा बाकी नको. हिचं कॉलेज त्यावर अडलं आहे."

"मास्तर समजदार आहेत. एक रुपयानं काय होते?"

रुपया त्यांनी माझ्याकडे ढकलला, मी त्यांच्याकडे. तो पुन्हा माझ्याकडे आला. मुनीमजी टाक उचलून बसले होते. त्यांच्या समोरच्या पानावर उजवीकडे माझं पाच वर्षांचं नावे होतं, डावीकडे जमा. मी त्या पानाकडे बघत राहिले. शेठजींना खातं जिवंत हवं होतं. बाबांना बाकी नको होती. बाबांनी खातं बंद कर असं कुठं म्हटलं होतं? आणि खातं फक्त उजव्या बाजूनंच जिवंत राहतं असं कोणी सांगितलं?

मी तो रुपया शेठजींच्या नोटांवर ठेवला. मग पिशवीतून अडीअडचणीसाठी ठेवलेले पाच रुपये काढले आणि तेही त्यावर ठेवले.

"हे कशाचे?"

"जमा करा. खातं चालू राहू द्या. फक्त आता तुम्ही माझं देणं लागता."

मुनीमजी हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "शेठजी," ते म्हणाले, "जमा करायले नाही कसं म्हनता येईन?"

शेठजींनी पाच रुपयांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हनजे मी तुमचा देनेकरी झालो?"

"हो."

"मास्तरांच्या पोरीचा?"

"हो."

त्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली आणि इतक्या मोठ्यानं हसले की समोरचा भांडीवाला डोकावला. पण हसू ओसरल्यावर ते अस्वस्थ झाले. उधारी देण्याची त्यांना सवय होती, घेण्याची नव्हती. "मंग आत्ताच घेऊन टाका ना पाच रुपयाचं कापड. पोलक्याचं घ्या. मले कशाले देन्यात ठेवता?"

"घाई नाही हो, शेठजी. घरचंच समजा."

मुनीमजींनी दुकानाचा शिक्का मारून एक चिठ्ठी लिहून दिली: बाकी काही नाही, रुपये पाच जमा. आम्ही दोघी रिकाम्या हातांनी पायऱ्या उतरलो. ते पाच रुपये पुढं बरीच वर्षं मी तसेच ठेवले. त्या दुकानातून मी नंतर पुष्कळ खरेदी केली, पण दर वेळी आधी पैसे जमा करून आणि मग कापड घेऊन. अकोल्याचं कोणी गिऱ्हाईक आलं की शेठजी त्याला सांगत, "त्या मास्तरीणबाईले सांगा, आपले पैसे घेऊन जा म्हना." यायचं असेल तर घाईनं यावं, असाही निरोप असे.

अचलपूरची बस भर दुपारची होती. घसा कोरडा पडला होता, पत्र्याच्या खिडकीला हात लागला की भाजत होतं, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "लग्न ठरलं का हो कोणाचं?" धाकटी म्हणाली, "नाही, मोडलं!" आणि आम्ही पुन्हा हसलो.

बाबा ओसरीवर होते. चिठ्ठी त्यांनी चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून वाचली.

"जमा? म्हणजे आपले पैसे त्यांच्याकडे?"

"हो."

"धोतराचे?"

"ते फिटले. तुम्ही आता ते नेसायला हरकत नाही."

आईनं आतून विचारलं की पोरींचा उपास आहे तर उद्या पारण्याला काय करू. बाबांनी तिला काहीतरी उत्तर दिलं, पण त्यांचं लक्ष चिठ्ठीतच होतं. मग त्यांनी धाकटीला हाक मारली आणि मॅट्रिकची गुणपत्रिका काढून ठेवायला सांगितलं.

दोन दिवसांनी आम्ही तिघं अमरावतीला कॉलेजच्या कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडे कारकून अर्ज भरून घेत होता. नाव, गाव, जात, जन्मतारीख. मग त्यानं मान वर न करता विचारलं, "पालकांचं नाव?"

बाबा माझ्या पुढं उभे होते. ते बाजूला सरकले.

"हिचं लिहा," ते म्हणाले.

कारकुनानं मान वर केली. "वडील हयात आहेत ना? तुम्हीच ना?"

"मीच. पण फी ही भरते आहे. अकोल्याला नोकरी आहे तिला."

"बाईमाणसाचं नाव पालक म्हणून कसं लिहायचं?"

"शाईनं लिहा," बाबा म्हणाले.

मागच्या रांगेत कोणी तरी हसलं. कारकुनानं लिहिलं. मी फीचा डबा पिशवीतून काढला, पैसे मोजून खिडकीत ठेवले, आणि पालकाच्या सहीच्या जागी माझं पूर्ण नाव, बी.ए. सकट, लिहिलं. धाकटी ते वाकून वाचत होती. मी पावती घडी करून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "चल, वसतिगृहात चांगली खोली मिळवायची तर बाराच्या आत पोचायला हवं."